वीसपैकी शून्य

एका जंगलात एक अस्वल मधाचा कारखाना चालवत होतं. हसू नका. ज्याला जे आवडतं त्याचीच तो राखण करतो. तुमच्या घरी लाडवांचा डबा कुणाच्या ताब्यात असतो, ते मला आधी सांगा, मग हसा.

या अस्वलाचं नाव झिपराशेठ. अंगाने आडवा, बोलायला मोकळा, आणि हाताचा जरा घट्ट. त्याच्या कारखान्यात पोळ्यांतून मध काढायचं काम चाले. पोळ्याच्या घरांवर मेणाची झाकणं असतात. ती एकेक टोचून उघडायची, की मध खाली मडक्यात गळतो. काम सोपं, पण चिकट. एकदा हात चिकटला की संध्याकाळपर्यंत सुटत नाही. त्यामुळे जो येई तो चार दिवस राही आणि करवंदं पिकली की पळून जाई.

शेठ हैराण झाला. त्याने डोकं खाजवलं. अस्वल डोकं खाजवतं तेव्हा त्याला कल्पना सुचते किंवा उवा सापडतात. त्या दिवशी कल्पना सुचली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशी सागाच्या सालीवर जाहिरात लागली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शिका आणि टिका योजना. अर्धा दिवस काम करा, अर्धा दिवस कॉलेजात जा. फी शेठ भरतील.’

खाली बारीक अक्षरांत दोन कलमं होती. मुंगीने वाचायला घेतली असती तर तिलाही डोळे बारीक करावे लागले असते. कलम पहिलं: काम फक्त शिकणाऱ्यालाच मिळेल, शिकून झालं की जागा मोकळी करावी. कलम दुसरं: कामगारांपैकी एक जरी पास झाला, तरी योजनेचा हेतू सफल झाला असं समजून योजना बंद करण्यात येईल.

हे दुसरं कलम कुणी घातलं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कलमं अशीच उगवतात. पावसाळ्यात भुईछत्र्या कुणी लावायला जातं का?

योजना सुरू होऊन बरीच वर्षं झाली, आणि आता आपली साळू येते. साळू म्हणजे साळिंदर, पण पोरीचं नावही साळूच होतं. तिच्या आईला नाव ठेवायला वेळ नव्हता. ती जंगलाच्या पार पलीकडे, खडकपाड्यावर राहायची. तिथे वैद्य नव्हता. साळूच्या बापाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, तो वर्षभर लंगडत राहिला. अंगावर हजार काटे, पण पायातला एक काढणारं कुणी नाही. तेव्हाच साळूने ठरवलं होतं, आपण वैद्य व्हायचं.

वैद्य व्हायचं तर वैद्यकीच्या कॉलेजात शिकावं लागे. परीक्षा पास झालं की प्राचार्य पळसाच्या पानावर नखाचा ठसा उमटवून देत. त्या जंगलात पान असल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायची परवानगी नव्हती. आणि कॉलेजची फी होती वर्षाला एक मडकं मध. खडकपाड्यावर मध म्हणजे ऐकीव गोष्ट.

म्हणून साळू जाहिरात वाचून नाचतच शेठपुढे आली.

“काय येतं तुला?” शेठने विचारलं.

साळूने पाठीवरचा एक काटा उपसला आणि समोरच्या पोळ्याची शंभर झाकणं अशी टपाटप टोचली, की शेठ बघतच राहिला.

“अगं, तू कुठे होतीस इतके दिवस?” तो म्हणाला. “कर सही!”

साळूने वरची मोठी अक्षरं वाचली आणि पंजा उमटवला. बारीक अक्षरं वाचली नाहीत. नाकं मुरडू नका, तुम्ही तरी वाचता का?

कॉलेज होतं उंबराच्या ढोलीपाशी. प्राचार्य होते दिवाभीतसर, म्हणजे घुबड. वर्ग भरे दुपारी, आणि दुपारी सर झोपत. पण झोपेत त्यांना शिकवायची सवय होती. डोळे मिटून ते घडाघडा बोलत आणि मुलं लिहून घेत. फीचा मध सरांना चालत नसे. त्यांच्या घरच्या बाईसाहेबांना चालत असे. त्यामुळे योजनेवर सरांपेक्षा बाईसाहेबांचं प्रेम जास्त होतं.

वर्गात चाळीस जण होते. सगळे शेठच्या कारखान्यातले. एक सोडून. तो एक म्हणजे शेठचा भाचा, लाडोबा अस्वल. त्याला काम करायची गरज नव्हती, आणि अभ्यास करायची तर अजिबातच नव्हती. तो झाडाला टेकून पाय पसरून बसे.

पण बाकीचे! साळू थक्क झाली. असा अभ्यास करणारी मंडळी तिने जन्मात पाहिली नव्हती. मुंगूस चालता चालता झाडपाल्याची नावं पाठ करतंय, माकडं एकमेकांना प्रश्न विचारतायत, पोळी टोचता टोचता तापाची सतरा लक्षणं म्हणतायत. आणि पहिल्या ओळीत बसला होता तात्या कासव. वय विचारू नका.

“तात्या, तुम्ही कितव्या वर्षाला?” साळूने विचारलं.

“पहिल्या,” तात्या म्हणाला. “गेली एकोणीस वर्षं.”

साळूला वाईट वाटलं. बिचाऱ्याचं डोकं चालत नसेल. तिने त्याला धीर द्यायला म्हणून एक सोपा प्रश्न विचारला. तात्याने त्याचं उत्तर दिलं, मग त्याला असलेले तीन अपवाद सांगितले, आणि सरांनी मागच्या मंगळवारी झोपेत केलेली एक चूकही दुरुस्त केली. साळूचं तोंड उघडं राहिलं.

असे दिवस जात होते. सकाळी काम, दुपारी कॉलेज. खडकपाड्याहून कावळा आईचे निरोप आणायचा. ‘साळूबाई, मी सपाट दगड शोधून ठेवलाय. त्यावर पाटी लिहून घेतली, इथे वैद्यीण बसते. रानडुकरांची आजी दाढ धरून आत्तापासूनच रांगेत बसलीय. तिला म्हटलं, थांब, माझी पोर येतेय. बाप विचारतो, काटा कधी काढणार?’

साळू निरोप ऐकायची आणि आणखी जोमाने पाठांतर करायची.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा तात्याने तिला ओढ्यावर गाठलं.

“पोरी, तयारी झाली का?”

“झाली, तात्या. वीसही उत्तरं येतील.”

“शाब्बास. मग नापास व्हायला काहीच अडचण नाही.”

साळूला वाटलं, म्हाताऱ्याची जीभ घसरली. पण तात्याने तिला कारखान्याच्या दाराशी नेलं आणि बारीक अक्षरांतलं दुसरं कलम वाचून दाखवलं. एकदा. मग आणखी एकदा.

“कळलं? आपल्यातला एक जरी पास झाला, तरी योजना बंद. एकोणचाळीस जणांचं काम जाणार, एकोणचाळीस जणांचं कॉलेज जाणार. मुंगसाला पाच पिल्लं आहेत. माकडांचं घर तर तुला माहीतच आहे, तिथे कुणी मोजत नाही.”

“म्हणून तुम्ही सगळे मुद्दाम...”

“मुद्दाम? अगं, ते सोपं वाटतं का तुला?” तात्याला रागच आला. “परीक्षा कशी असते ठाऊक आहे ना?”

तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. सर वीस प्रश्न विचारत. उत्तर ‘हो’ असेल तर उजव्या खड्ड्यात गुंज टाकायची, ‘नाही’ असेल तर डाव्या. वीसपैकी सात बरोबर आले की पास. सातच का, तर ज्या घुबडाने कॉलेज काढलं त्याला सात पोरं होती. आता विचार करा. काही येत नसलेला माणूस डोळे मिटून गुंजा टाकत गेला, तरी त्याचे नऊ-दहा बरोबर येतात. झाला की पास! नापास व्हायचं, तर बरोबर उत्तर कुठलं हे पक्कं माहीत हवं. तरच ते टाळता येतं.

“म्हणून आम्ही वर्षभर घासतो,” तात्या म्हणाला. “एक साल मी जरा आळस केला, तर सहावर सातवा बरोबर येता येता वाचलो. छातीत अशी धडधड! तेव्हापासून ठरवलं, अभ्यासात कुचराई नाही. मी दरवर्षी सहा काढतो. एक कमी नाही, एक जास्त नाही.”

 साळू तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. साळिंदराला जवळ घेऊन समजूत काढता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तात्या हातभर लांब बसून राहिला.

“माझी आई पाटी लिहून बसलीय हो, तात्या,” ती म्हणाली.

“माहीत आहे, पोरी. माझ्याही आईने लिहिली होती.”

परीक्षेच्या दिवशी साळू खड्ड्यांपुढे उभी राहिली. पहिला प्रश्न आला. तिला उत्तर येत होतं. तिने मागे पाहिलं. मुंगूस तिच्याकडे बघत होतं, आणि कुंपणापलीकडे त्याची पाच पिल्लं एका ओळीत बसली होती. साळूने गुंज चुकीच्या खड्ड्यात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. तिला इतका राग आला होता, की सहा बरोबर ठेवायचे हे शहाणपण तिला सुचलंच नाही. तेराव्या प्रश्नाला सर झोपेत म्हणाले, “माशी डसली तर डंखावर मध फासावा. हो की नाही?” उत्तर होतं, नाही. साळूने ‘हो’च्या खड्ड्यात गुंज आपटली.

शेजारी लाडोबानेही ‘हो’च्या खड्ड्यातच टाकली. त्याला मध आवडायचा, एवढंच.

निकाल लागला. चाळीसपैकी एकोणचाळीस नापास. तात्याला सहा. साळूला शून्य. आणि लाडोबाला नऊ. लाडोबा पास!

“शून्य?” तात्या कुजबुजला. “अगं, शून्य कुणी काढतं का? संशय येतो अशाने!”

पण संशय कुणाला येणार? लाडोबा कामगार नव्हता, त्यामुळे योजनेला धक्का नव्हता. शेठ आनंदाने फुगला. त्याने आधी नापासांची समजूत काढली, कारण ते भाषण त्याला पाठ होतं. “हरकत नाही, गड्यांनो. अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.”

“आम्ही पायरीवरच बसलोय, शेठ,” तात्या नम्रपणे म्हणाला. “हवेशीर आहे.”

मग शेठने भाच्याच्या सत्काराला सगळं जंगल बोलावलं. लाडोबाच्या गळ्यात पळसाचं पान घातलं. टाळ्या झाल्या. आणि शेठला जोर चढला. “आज पाहुण्यांना मध मी स्वतः काढून देणार!” असं म्हणून तो समोरच्या झाडावर चढला. झाडावर आग्या मोहोळ होतं. इतकी वर्षं मालक असलेल्याला हे विसरायला होतं, की मोहोळात माश्याही असतात.

अस्वलाला केसांमुळे माशी डसत नाही म्हणतात. खरं आहे. पण नाकाला केस नसतात.

शेठ धपकन खाली आला तेव्हा त्याचं नाक फणसाएवढं झालं होतं.

“वैद्य! वैद्य बोलवा!” पाहुणे ओरडले.

“मीच आहे,” लाडोबा म्हणाला, आणि ते आठवून त्यालाही नवल वाटलं. त्याने थोडा विचार केला. मग एक मडकं उचललं आणि मामाच्या नाकावर मध ओतला.

दोन घटकांत शेठच्या नाकावर मुंग्यांची रांग लागली. शेठ कोकलायला लागला. लाडोबाने आणखी मध ओतला. आणखी मुंग्या आल्या. मुंग्या डोळ्यांत शिरल्या, कानांत शिरल्या. शेठ गडाबडा लोळत ओरडत होता, “अरे, कुणीतरी काहीतरी करा रे!”

तात्या हळूहळू पुढे आला. त्याला दुसरं काही जमत नसे. “शेठ, साळूला हाक मारू का?”

“तिला? ती नापास आहे! शून्य आहे शून्य!”

“शेठ, नीट ऐका,” तात्या म्हणाला. “वीसच्या वीस उत्तरं चुकवायची, तर वीसच्या वीस यावी लागतात.”

शेठ लोळायचा थांबला. नाक सुजलं होतं, डोकं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढून एकोणीस वर्षं गेली. दरवर्षीचे ते सहा. एक कमी नाही, एक जास्त नाही.

“अरे चोरांनो!” तो म्हणाला. आणि मग म्हणाला, “बोलव तिला. आत्ता बोलव!”

साळू आली. पण शेठला हात न लावता उभी राहिली. “शेठ, माझ्याकडे पान नाही. पानाशिवाय अंगाला हात लावता येत नाही.”

“पान देतो! तू पास! दिवाभीतसर, करा हिला पास!”

चाळीस... नाही, एकोणचाळीस जणांचे श्वास अडकले. मुंगसाने पिल्लांना पोटाशी ओढलं. साळूने तिकडे पाहिलं. पान समोर होतं. एक ‘हो’ म्हटलं की खडकपाडा, पाटी, बापाचा पाय. तिच्या काट्यांना शहारा आला.

“नाही, शेठ,” ती म्हणाली. “मला पास करू नका. मी नापासच आहे. मला नापासाचं पान द्या.”

“म्हणजे काय?”

“पान तेच, ठसा तोच. वर फक्त खरं ते लिहा. साळू, खडकपाडा. वीसपैकी शून्य. नापास. त्याखाली लिहा, हिला अंगाला हात लावायची परवानगी आहे.”

दिवाभीतसरांनी एक डोळा उघडला. “असं कुठल्याच नियमात नाही.”

“असं करू नये, हे कुठल्या नियमात आहे का, सर?” तात्याने विचारलं. एकोणीस वर्षं सरांचे नियम ऐकून त्यालाच ते जास्त पाठ होते.

सर विचार करू लागले. तेवढ्यात बाईसाहेब ढोलीतून म्हणाल्या, “अहो, योजना बंद पडली तर एकोणचाळीस मडकी जातील वर्षाची.” सरांनी तत्काळ पानावर नख उमटवलं.

मग साळूने काम दाखवलं. मुंग्या पाण्याने धुतल्या. काट्याच्या टोकाने एकेक नांगी अलगद खरवडून काढली, सतरा होत्या. पोळ्याची झाकणं टोचून टोचून हात असा हलका झाला होता, की शेठला काही कळलंच नाही. वर कोरफडीचा गर लावला. संध्याकाळपर्यंत नाक नाकाएवढं झालं.

शेठने नाक चाचपलं आणि जोरात हसला. चोर म्हणून रागवावं, तर त्याला एकदम उमजलं होतं, की आपल्या कारखान्यात तीन डझन वैद्य मेण टोचतायत आणि एकही सोडून जात नाही. असं भाग्य कुठल्या मालकाला लाभतं? कलम दुसरं त्याने तसंच ठेवलं. अक्षरं मात्र आणखी बारीक केली.

साळू खडकपाड्याला गेली. आईने पान उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने कावळ्याकडून वाचून घेतलं. मग ती पाड्यावर सांगत सुटली, “माझ्या पोरीला वीसपैकी शून्य! एकसुद्धा बरोबर येऊ दिलं नाही तिने!” साळूने पहिल्याच दिवशी बापाच्या पायातला काटा काढला. बाप उठून उभा राहिला, दोन पावलं सरळ चालला, आणि सवय नसल्यामुळे पडला. रानडुकरांच्या आजीची दाढ दुसऱ्या दिवशी निघाली. आजीने ती आयाळीत माळली.

मग काय! शून्यवाल्या वैद्यिणीची कीर्ती जंगलभर झाली. लांबलांबून आजारी येऊ लागले. आणि लाडोबाच्या दवाखान्यात माश्या. येणारा आधी गळ्यातलं पान वाची. “नऊ? बापरे! नऊ म्हणजे फारच झालं,” असं म्हणून पाय मागे घेई.

शेवटी एका सकाळी लाडोबा कारखान्याच्या दाराशी आला. मान खाली. पान हातात गुंडाळलेलं.

“तात्या,” तो म्हणाला, “मला कामावर घ्यायला सांगा ना मामाला. मलाही नापास व्हायचंय.”

तात्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याच्यासाठी पहिल्या ओळीत आपल्या शेजारी जागा केली आणि म्हणाला, “ये, बस. पण बाळा, त्याला अभ्यास करावा लागतो हं.”

तात्पर्य: बाळांनो, खूप शिका, मन लावून शिका, पण दुसरा कुणी फी भरत असेल तर पास व्हायची घाई करू नका. आणि कधी आजारी पडलात, तर वैद्याला त्याचे गुण विचारा. जास्त असतील, तर तसेच घरी या.